ज्वारीचा श्वास

कुलूप नवं होतं; दार मात्र रोजच्या वापरातलं होतं. कडीभोवती बोटांनी तेलकट झालेला काळा गोल होता आणि उंबऱ्याची मधली कड पायांनी झिजून गुळगुळीत झाली होती. नगरपरिषदेच्या नोंदीप्रमाणे हे घर गेले चार महिने रिकामं होतं.

"या, मालकीणबाई," मकरंद किल्ली फिरवत म्हणाला. "उजवा पाय आधी."

दोन खोल्या, मोरी आणि मागं हातभर परसू. मकरंद भिंतीला पाठ लावून, हात पसरून उभा राहिला. "कपाट इथं. पलंग तिथं. आणि डेपो? ही गल्ली संपली की डेपोचं फाटक." तो बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होता. लग्नापासून ती दोघं बायपासच्या पलीकडच्या प्लॉटांवर राहत होती. तिथं पाणी टँकरनं यायचं आणि शेवटची बस दिवेलागणीलाच निघून जायची. बोरगडमध्ये काम करणाऱ्या निम्म्या लोकांची हीच तऱ्हा होती: पोट शहरात, अंथरूण माळावर.

कालिंदी आतल्या खोलीत गेली. ओट्यावर तवा पालथा घातलेला होता. फळीवर एक पत्र्याचा डबा होता. तिनं झाकण काढलं. ज्वारीचं पीठ. वर बोटांच्या खुणा तशाच होत्या. तिनं चिमूटभर जिभेवर ठेवलं.

"काय करतेस?" मकरंद दारातून म्हणाला. "लोक घर बघायला गेले की नळ सोडून बघतात, ओल बघतात. तू पीठ चाखतेस?"

"विरी गेलेली नाही याची, चिकटपणा आहे अजून. जुनं पीठ कडवट लागतं. हे गेल्या आठवड्यात दळलेलं आहे."

"कुणीतरी विसरलं असेल."

"घराला कुलूप लागलं चार दिवसांपूर्वी. घर रिकामं चार महिने. मग गेल्या आठवड्यात पीठ कोण विसरलं?"

मकरंदचे पसरलेले हात खाली आले. "कालिंदी," तो सावकाश म्हणाला, "आजचा एक दिवस तरी."

तिनं झाकण लावलं. पण त्या घरातून बाहेर पडताना तिनं वर पाहिलं. दारावरच्या झरोक्यात साबणाच्या वडीएवढी पांढरी डबी बसवलेली होती. ती डबी तिनंच, गेल्या पावसाळ्याआधी, शिडीवर चढून बसवली होती.

*

बोरगडची जुनी पेठ दिवसा गच्च भरलेली असायची आणि दुकानं मिटली की अंधारी. वरच्या मजल्यांना कुलपं. कुणाचे मालक पुण्यात, कुणाचे परदेशात, कुठं चार भावांचा दावा तिसऱ्या पिढीत पोचलेला. आणि माळावर मात्र रोज नवे प्लॉट पडत होते. म्हणून कायदा झाला, आणि तो चांगला कायदा होता, हे कालिंदी आजही कुणाशीही भांडून सांगेल. पेठेतलं घर दीर्घकाळ रिकामं राहिलं तर नगरपरिषदेनं ते वापरासाठी घ्यायचं. मालकी मालकाची, भाडं मालकाच्या खात्यात, आणि राहायला शहरात राबणारं कुटुंब. नवी जमीन नको, नव्या इमारती नकोत.

प्रश्न एवढाच होता की घर रिकामं आहे हे ओळखायचं कसं. विजेच्या मीटरवर भरवसा नव्हता, मालक टायमरवर दिवे लावून ठेवत. म्हणून श्वासमापक आला. झोपलेला माणूस आणखी काही करत नसला तरी श्वास सोडतो. त्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड, ओलावा आणि त्याची रात्रभराची संथ लय ही डबी मोजायची. चूल आणि गॅस विझल्यानंतर, पहाटेपर्यंत. पंधरवड्याची सरासरी काढायची. श्वास नाही तर माणूस नाही. लोक डबीला 'नाक' म्हणत. "आमच्या दाराला नाक बसवून गेले," असं कौतुकानंही म्हणत आणि रागानंही.

मग घरमालकांच्या एजंटांनी युक्ती काढली. शेजारच्या साखर कारखान्यातून मळी आणायची, ड्रममध्ये पाणी आणि यीस्ट घालून बंद घरात ठेवायची. मळी आंबते, कार्बन डायऑक्साइड सुटतो, आणि एक छोटा पंखा त्याला श्वासाची लय देतो. दोन महिन्यांत पेठेतली निम्मी बंद घरं श्वास घेऊ लागली. म्हणून डबी बनवणाऱ्या कंपनीनं तिच्यात आणखी एक गोष्ट घातली. श्वासातला कार्बन कुठून आला, हे ओळखणारा लेझर.

कालिंदी त्या कंपनीची बोरगडमधली एकमेव तंत्रज्ञ होती. एम.एस्सी. फिजिक्स. डब्या बसवणं, पुसणं, तपासणं हे तिचं काम. लेझरनं कुणाला 'माणूस' म्हणायचं ते मात्र बंगळूरच्या प्रयोगशाळेत ठरून आलं होतं.

*

दुसऱ्या दिवशी ती द्रौपदाआत्याकडे गेली. आत्या त्याच कडबा गल्लीत, सहा घरं पलीकडे राहायची. कडक भाकऱ्या करून विकायची. तिच्या दाराशी आलं की भाजलेल्या ज्वारीचा वास यायचा. आज वासाबरोबर दारावर एक लाल स्टिकर होता: 'रिकामे'.

"ये," आत्या परातीवरून मान वर न करता म्हणाली. "बस. मी घरात नाही, पण तू बस."

"हे कधी लावलं?"

"परवा. मी इथं भाकरी थापत होते, आणि तो मुडदा बाहेर चिकटवून गेला. थापल्याचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जातो. त्याला ऐकू आला नाही? बरं, दार वाजवायला काय हात झडले होते?" तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि वरून पाण्याचा हात फिरवला. "आमच्या ह्यांच्या, तुझ्या मामांच्या मोबाईलवर नोटीस पाठवली म्हणे. मामा गेले त्याला सहा वर्षं झाली. तिकडं नेटवर्क असेल तर वाचली असेल त्यांनी."

"घर तुझ्या नावावर आहे ना?"

"आहे की. तेच सांगायला गेले होते. तो क्लार्क म्हणतो, आजी, मालकी तुमचीच राहणार, उलट भाडं तुमच्या खात्यात येईल. मी म्हटलं, आणि मी कुठं राहू? तर म्हणतो, जिथं राहता तिथं." आत्यानं उलथनं तव्यावर आपटलं. "जिथं राहता तिथं!"

कालिंदीला हसू आलं नाही.

"त्या सारजाचं तर तू ऐकलंस का?" आत्या म्हणाली. "ती गं, सरकारी दवाखान्यात झाडते. पलीकडच्या घरात भाड्यानं होती. नवरा-बायको दोघं. नगरपरिषदेचे लोक पोलीसच घेऊन आले. म्हणे घर रिकामं आहे, तुम्ही घुसलेले. तवासुद्धा उचलू दिला नाही. दवाखान्याच्या व्हरांड्यात झोपतात आता."

कालिंदीच्या पर्समध्ये किल्ली होती. ती मांडीवरची पर्स घट्ट धरून बसली.

"तुला पण घर मिळालं म्हणे या पेठेत? मकरंद भाजीवाल्यापाशी भेटला होता, नुसता फुलला होता. कुठल्या गल्लीत गं?"

"सांगते आत्या," कालिंदी म्हणाली आणि उठली.

*

ऑफिसात तिनं आत्याच्या डबीचं वाचन उघडलं. कार्बन डायऑक्साइड भरपूर. ओलावा होता. झोपेतल्या माणसाची लय होती, मधे दोनदा उठल्याच्या खुणाही होत्या; आत्याला गुडघेदुखीनं झोप लागत नसे. आणि खाली शेरा: 'स्रोत मानवी नाही.' सारजाच्या घराचा शेराही तोच. कडबा गल्लीतल्या जवळजवळ प्रत्येक लाल स्टिकरमागं तोच.

मग तिनं खालचा आकडा पाहिला, आणि तिला कळलं.

कार्बनचे अणू दोन वजनांचे असतात. बहुतेक हलके, शंभरात सुमारे एखादा किंचित जड. झाड हवेतून कार्बन घेतं तेव्हा गहू, तांदूळ, तूर यांसारखी झाडं जड अणू बरेचसे टाळतात. ज्वारी, बाजरी, मका आणि ऊस यांची पानं उन्हातान्हात वेगळ्या रसायनानं काम करतात, ती इतकी चोखंदळ नसतात. म्हणून ज्वारीच्या दाण्यात जड कार्बन थोडा जास्त असतो. आपण जे खातो तेच जाळतो आणि तेच श्वासातून सोडतो. गहू-तांदूळ खाणाऱ्याचा श्वास हलका, ज्वारी खाणाऱ्याचा किंचित जड. इतका किंचित की फक्त लेझरलाच कळावा.

आणि मळी उसाची असते. आंबलेल्या मळीतून सुटणारा कार्बनही तसाच जड.

प्रयोगशाळेतल्या लोकांनी 'माणूस' कसा असतो हे ठरवताना स्वतःचे श्वास मोजले होते. तिथल्या कॅन्टीनमध्ये इडली, भात, चपाती. त्यांचा श्वास हलका. त्यावरून त्यांनी एक पट्टा आखला. पट्ट्याच्या आत तो माणूस, बाहेर जड बाजूला गेला तो मळीचा ड्रम. त्यांच्यातल्या एकालाही असा माणूस भेटला नव्हता, जो सकाळी भाकरी, दुपारी भाकरी, रात्री भाकरी आणि वर गुळाचा चहा यावर जगतो.

बोरगडला असे लोक आत्तापर्यंत म्हाताऱ्यांतच उरले होते. पण गेल्या तीन-चार वर्षांतल्या उन्हाळ्यांनी उत्तरेचा गहू करपवला, आणि रेशनवर गव्हाऐवजी ज्वारी-बाजरी येऊ लागली. चपाती ही आता ऐपतीची गोष्ट होती. म्हणजे ज्याला ऐपत होती तो लेझरच्या लेखी माणूस होता.

तिनं त्याच दिवशी बंगळूरला फोन लावला. पलीकडचा इंजिनिअर सभ्य होता, तरुण होता.

"मॅडम, पट्टा वाढवता येईल. पण मग मळीचे सगळे ड्रम माणसं होतील. दोन्हींचं वाचन एकच आहे. तुम्हीच बघा."

तिनं पाहिलं. एका व्यापाऱ्याच्या बंद माडीतला ड्रम आणि तिची आत्या, दोघांचे आलेख तिनं शेजारी लावले. जड कार्बनाच्या बाबतीत दोघांत फरक नव्हता. तो मुलगा खरं बोलत होता. या यंत्राला ते जमणारच नव्हतं.

"मग यंत्रानं 'माहीत नाही' म्हणावं," ती म्हणाली. "'मानवी नाही' का म्हणतं?"

"मॅडम, टेंडरमध्ये दोनच उत्तरं होती. हो किंवा नाही."

*

"भात खा," कालिंदी आत्याला म्हणाली. "पंधरा दिवस. चपाती आणि भात. मी आणून देते. गूळ बंद, चहात साखरही नको. सरासरी खाली आली की स्टिकर निघेल."

आत्या परातीसमोर बसली होती. हात पिठाचे होते. ते तिनं परातीवर झाडले.

"म्हणजे मी माझ्या घरात आहे, हे सांगायला मी भात खाऊ?"

"दुसरा मार्ग आहे, पण धोक्याचा आहे. गॅस मंद ठेवून झोपायचं. त्याचा कार्बन फार हलका असतो. तुझा जड. दोन्ही मिसळले की बरोबर मधे येतं. यंत्र म्हणेल माणूस."

"अगं, म्हणजे मी नुसती असले तर ड्रम, आणि खोटी वाफ सोडली की माणूस?"

"हो."

"हे असलं शिकायला दादानं तुला जमीन विकून पाठवलं होतं?"

कालिंदी खाली मान घालून बसली. तिला राग आला होता, पण तो आत्याचा नव्हता.

"नाही खाणार," आत्या म्हणाली. "भाताशी माझं वैर नाही. पण मी सासरी आले तेव्हापासून या चुलीपाशी बसून भाकरी थापली. अर्ध्या बोरगडला खाऊ घातली. आता कुणी येऊन म्हणतंय, ही बाई नाहीच, आणि मी त्याच्यासाठी ताटातलं बदलू? आज ताट बदल म्हणेल, उद्या लुगडं बदल म्हणेल. त्याला सांग, दार वाजव. मी उघडते. माझं तोंड बघ, आणि मग सांग मी आहे का नाही."

*

पहिलं नाक मुख्याधिकारी साखळकर यांच्याच बंगल्याला बसवलं होतं. "सुरुवात स्वतःच्या घरापासून," असा मथळा वर्तमानपत्रात आला होता, फोटोसकट. त्या डबीचं वाचन कुणी कधी पाहत नसे. संक्रांतीच्या सकाळी कालिंदीनं ते पाहिलं.

आदल्या दिवशी भोगी होती. भोगीला बाजरीची तीळ लावलेली भाकरी खायची असते, जो वर्षभर बाजरीकडं फिरकत नाही त्यानंसुद्धा. घरोघर तिळगुळाचे लाडू वळून झालेले असतात आणि वळता वळता खाल्लेही जातात. नुकतं खाल्लेलं धान्य काही तासांत श्वासात उतरतं. तिचा अंदाज होता, पण पडद्यावर जे दिसलं ते अंदाजापेक्षाही स्वच्छ होतं. पेठेतल्या ज्या घरांच्या नावापुढं रोज 'मानवी' असे, ती एका रात्रीत ओळीनं पट्ट्याबाहेर गेली होती. वकिलांचं घर. डॉक्टरांचं घर. आणि सगळ्यात वर मुख्याधिकारी निवास: 'स्रोत मानवी नाही.'

ती प्रिंट घेऊन साखळकरांच्या केबिनमध्ये गेली. टेबलावर हलव्याची वाटी होती.

"या या, गाडेकर मॅडम. तिळगूळ घ्या, गोड बोला."

"घेते साहेब. पण गोड बोलायला आलेले नाही."

तिनं कागद समोर ठेवला आणि पाच मिनिटांत समजावलं. साखळकर हुशार होते; त्यांना तिसऱ्या मिनिटालाच कळलं. ते हसले.

"म्हणजे काल रात्री मी घरी नव्हतो तर! बायकोला सांगायला हवं." मग त्यांनी चष्मा काढला. "चांगलं लक्षात आणून दिलंत. सणाच्या रात्री मोजणीतून वगळायच्या. आजच आदेश काढतो."

"सणाच्या?"

"भोगी, संक्रांत. लोकांना उगाच त्रास नको."

"साहेब, तुम्ही काल जे खाल्लंत ते माझी आत्या रोज खाते. तेच यंत्र, तोच आकडा. तुम्ही खाल्लंत तर सण, तिनं खाल्लं तर घुसखोरी?"

"मॅडम, तुम्ही सायन्सच्या आहात, भावनेनं बोलू नका. कायदा सोपा आहे. यंत्र म्हणालं घर रिकामं, की घर रिकामं. त्यानंतर आत जो सापडेल तो घुसलेला. तिसरा प्रकार नाही. पेठेत इतकी घरं मोकळी करणारे राज्यात आपण पहिले आहोत. मंत्री येतायत पुढच्या महिन्यात."

"मोकळी कुणाची केली?" तिचा आवाज चढला नव्हता, तो कधीच चढत नसे. "मळीचे ड्रम ज्यांनी ठेवले, त्यांतल्या एकाच्याही दाराला अजून आपलं कुलूप नाही. ते कोर्टात गेले, स्थगिती आणली. ज्वारी खाणारे कोर्टात नाही गेले. ते भावाकडं गेले, गावी गेले, दवाखान्याच्या व्हरांड्यात गेले. पेठेत माणसं राहावीत म्हणून कायदा केला, आणि आपण पेठेतली माणसंच बाहेर काढली. त्यांच्या जागी दुसरी माणसं ठेवली आणि म्हटलं, घरं वाढली."

"मग ड्रमवाले पकडायचे कसे? सांगा ना तुम्ही."

"दार वाजवून."

"मनुष्यबळ नाही."

"स्टिकर लावायला माणूस जातो साहेब. तो दारापर्यंतच जातो."

साखळकरांनी चष्मा परत चढवला. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू आता कामापुरतं उरलं होतं. "आत्यासाठी तळमळणं स्वाभाविक आहे. पण यात तुमचा हितसंबंध येतो, हे लक्षात ठेवा."

"येतो ना." तिनं पर्स उघडली आणि किल्ली हलव्याच्या वाटीशेजारी ठेवली. "दवाखान्यात झाडणाऱ्या एका बाईच्या घराची आहे. तिचा तवा आत राहिलाय."

"रांगेत पुष्कळ लोक आहेत, मॅडम. तासाभरात दुसऱ्याला जाईल."

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

"आणि कडबा गल्लीतली उरलेली कुलपं उद्या लागतील."

*

मकरंद ओरडला नाही. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

"तुझं सगळं खरं आहे," तो म्हणाला. "पण तू किल्ली परत दिल्यानं सारजाला घर मिळालं का? नाही. आपल्याला मिळालं का? नाही. तिसराच कुणी राहील तिथं. तू एकदा विचारायचं तरी होतंस मला."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास."

"हो. म्हणालो असतो. रोज पहाटे बससाठी दगडावर बसून राहतो मी, थंडीत. मला नाही म्हणायचा हक्क आहे."

तिनं पिशवीत दोन साड्या टाकल्या आणि ती आत्याकडे राहायला गेली. जाताना तो म्हणाला, "तुझा श्वास हलका आहे. तू तिथं झोपलीस तर सरासरी खाली येईल. त्यासाठीच चाललीस का?"

"नाही," ती म्हणाली. "तसं झालं तर यंत्र मलाच मोजेल. तिला नाही."

त्या संध्याकाळी तिनं आत्याबरोबर एकाच ताटात ज्वारीची भाकरी, ठेचा आणि गूळ खाल्ला. पोटभर.

*

दुसऱ्या दिवशी किंक्रांत. बोरगडमध्ये या दिवशी कुणी नवं काम काढत नाही, आणि दुसऱ्याच्या घराला कुलूप लावण्याचं पाप तर नाहीच नाही. त्यामुळं सकाळी नगरपरिषदेचं पथक आलं ते अर्धंच. क्लार्क बिराजदार, कुलूपवाला आणि एक पोलीस. एरवी पंच म्हणून सही करायला ऑफिसातलेच दोन शिपाई आणत. आज दोघेही रजेवर होते. पंचनाम्याला दोन पंच लागतातच. तेव्हा बिराजदारनं समोरचे इसाक टेलर आणि कोपऱ्यावरचा गिरणीवाला स्वामी, अशा दोघांना हाक मारून उभं केलं.

आत आत्या परातीत पीठ मळत होती. कालिंदी तव्यापाशी होती. बाहेर पावलं थांबलेली दोघींना कळली. कुलपाची साखळी खळखळली.

आणि मग दार वाजलं.

कडीचा आवाज, दोनदा. मागोमाग बिराजदारचा आवाज: "कुणी आहे का घरात?"

आत्यानं मान वर केली. तिच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. तिनं पिठाचे हात कमरेवर ठेवले आणि भाकरी विकताना गल्लीच्या टोकापर्यंत पोचणारा तो आवाज लावला:

"नाही! घरात कुणी नाही! तुमच्या नाकाला विचारा!"

बाहेर कुणीतरी खो खो हसलं. ते इसाक मास्तर होते.

कालिंदीनं दार उघडलं. बिराजदारचा हात अजून कडीपाशीच होता. "बिराजदारभाऊ," ती म्हणाली, "रिकाम्या घराचं दार का वाजवलंत?"

"अहो मॅडम, तुम्ही इथं? ते... दार म्हटलं की हात जातोच. सवय."

"चांगली सवय आहे. आता लिहा. दार वाजवलं असता आतून उत्तर आलं."

"असं कसं लिहू? साहेबांनी सांगितलंय, आत जो असेल तो घुसलेला."

"घुसलेली?" इसाक मास्तर गळ्यातला टेप सारखा करत पुढं आले. "ही बाई या गल्लीत घुसली तेव्हा पुढं बँड होता. मी चड्डीत होतो. हिच्या लग्नाची जिलबी खाल्लीय मी, बिराजदार. तेही लिहा."

"मास्तर, तुम्ही फक्त सही करा. चेष्टा नको."

"चेष्टा कोण करतंय? पंच म्हणून बोलावलंत ना? पंचानं जे डोळ्यांनी पाहिलं, कानांनी ऐकलं, त्यावर सही करायची असते. मी उत्तर ऐकलं. नसेल लिहिलेलं तर माझी सही नाही."

"माझी पण नाही," गिरणीवाला स्वामी म्हणाला. तो कमी बोलणारा माणूस होता. त्याच्या भुवयांवर पीठ होतं. "हिचं दळण दर आठवड्याला माझ्याकडं येतं. मी काय रिकाम्या घराचं दळण दळत होतो?"

बिराजदारनं पोलिसाकडं पाहिलं. पोलीस आत्याच्या तव्याकडं बघत होता. दुसरे पंच आज मिळणार नव्हते. किंक्रांतीला कोण येतंय? पंचांच्या सह्या नसतील तर कुलूप लावता येत नव्हतं. लावलं असतं तर उद्या निस्तरावं लागलं असतं ते त्यालाच. साखळकरांना नाही.

त्यानं पेन काढलं. कालिंदी त्याच्या खांद्यापाशी उभी राहून वाचत होती. 'दार वाजविले असता आतून स्त्रीचा आवाज आला. सदर स्त्री भाकरी करीत असल्याचे दिसून आले.'

"काय म्हणाली तेही लिहा," कालिंदी म्हणाली.

"मॅडम, कशाला..."

"लिहा."

त्यानं लिहिलं. 'सदर स्त्रीने घरात कोणी नाही असे सांगितले.' इसाक मास्तरांनी सही केली, स्वामीनं पिठाच्या बोटांनी केली. आत्यानं दारावरचा लाल स्टिकर नखानं कोपऱ्यापासून सोलायला घेतला. तो एकसंध निघेना, चिंध्या चिंध्या होऊन निघत होता. ती शिव्या देत सोलत राहिली.

हे एक घर झालं. कालिंदीला माहीत होतं की आज संध्याकाळी तिला कंपनीचा फोन येईल, आणि उद्या शिपाई रजेवरून परत येतील. सारजाच्या दाराची किल्ली कालच दुसऱ्या कुणाच्या खिशात गेली होती. मकरंद पहाटे बससाठी दगडावर बसला असेल. कालिंदीचा राग कमी झालेला नव्हता. तो आता नुसता बसून राहत नव्हता, एवढंच.

पथक पुढच्या दारापाशी पोचलं होतं. तिथंही लाल स्टिकर होता. कुलूपवाल्यानं साखळी सरळ केली आणि कडीत घालायला हात पुढं नेला.

कालिंदी पायरी उतरून त्यांच्या मागं जाऊन उभी राहिली.

"आधी वाजवा," ती म्हणाली.